घरचा माल

"काकू, कायतरी जळतंय," मागच्या सीटवरून माझी पुतणी ऋतुजा ओरडली, आणि त्याच वेळी माझ्या पायाखालचा ब्रेक मेला.

मेला म्हणजे पेडल खाली गेलं नाही. ते जागेवरच होतं, घट्ट होतं. मी सगळं वजन टाकून दाबत होते आणि गाडी मात्र ऐकत नव्हती. पसरणी घाट उतरताना वाईच्या अंगाला शेवटचं मोठं वळण लागतं, तिथे एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला कमरेएवढा कठडा. कठड्यापलीकडे काय आहे ते मला चांगलं माहीत होतं. गाडीत पाचगणीच्या शाळेतून परत निघालेली पोरं गच्च भरली होती आणि त्यांच्या भेंड्या रंगात आल्या होत्या.

मी गिअर खाली ओढला, मग अजून खाली. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक खेचला आणि व्हॅन सरळ डोंगराच्या बाजूच्या चारीत घातली. पत्रा दगडाला घासत गेला, आरसा तुटून पडला आणि गाडी एकदाची थांबली.

पोरांना मजा वाटली. शेजारच्या सीटवर माझा मुलगा शार्दूल बसला होता, तेव्हा तिसरीत होता. तो म्हणाला, "आई, तू एवढा हॉर्न का वाजवत होतीस?" मी हॉर्न वाजवत होते हेही मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. पोरांना मागून येणाऱ्या ओळखीच्या जीपमध्ये बसवून खाली पाठवलं आणि मी एकटी दगडावर बसून राहिले. ब्रेकचे पॅड जुने असते तर मी स्वतःला दोष दिला असता. पॅड पावसाळ्याच्या तोंडाला नवेकोरे घातले होते. थोरले दीर विलासभाऊजी यांच्याच दुकानातून.

वाईत त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. चांगलं चालतं, आजही चालतं. आमच्या घरात एक नियम होता, कुणी लिहिलेला नव्हता पण देवाच्या नैवेद्यासारखा पाळला जायचा. गाडीला लागणारा साधा नट असो की अख्खं इंजिन, घ्यायचं ते विलासच्या दुकानातून. चुलत्याचा ट्रॅक्टर, नणंदेच्या घरची रिक्षा, माझी व्हॅन, सगळ्यांना तिथलाच माल. विचारायचं नाही, डबा उघडून बघायचा नाही, पक्की पावती मागायची नाही. घरच्या माणसाकडे पावती मागणं म्हणजे त्याला चोर म्हणणं.

व्हॅन मेस्त्रीकडे ओढून नेली. त्याने चाक काढलं आणि पॅड माझ्या हातात ठेवले. पॅड कसले, चहात बुडवलेलं बिस्कीट निम्मं गळून पडावं तसा मसाला लोखंडी पट्टीवरून सुटून गेला होता. पॅड जिला आवळतात ती डिस्क तापून निळी पडली होती, आणि तिच्यावर बोट फिरवलं तर कडेला बारीक तडा लागत होता.

"हा कंपनीचा माल आहे?" मी विचारलं.

मेस्त्री पाना पुसत राहिला. "ताई, मी बसवणारा माणूस. विलासशेठ निम्मी कामं माझ्याकडं पाठवत्यात. माल कसला हाय ते माझ्या तोंडातनं काढू नका."

म्हणजे उत्तर मिळालंच होतं. मी ते पॅड फडक्यात गुंडाळले आणि तशीच दुकानात गेले.

भाऊजी काउंटरवर होते. शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी फडकं त्यांच्यापुढे सोडलं. "भाऊजी, हे बघा. आज गाडीत तुमची ऋतुजा होती."

त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटा केला आणि काउंटरच्या मागे कचऱ्याच्या डब्यात टाकला. किती सहज! केळीचं साल टाकावं तसं.

"तू घाट ब्रेकवर उतरतेस," ते म्हणाले. "गिअरवर उतरायचा असतो. बायका सबंध घाटभर पेडलवर पाय ठेवून बसतात, मग पॅड काय करणार?"

गिऱ्हाइकं हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझे वडील ट्रकवर होते. मी गाडी शिकले तीच घाटात, आणि या माणसाला घाट उतरताना मी पाहिलं होतं. वळण आलं की याच्या तोंडाला फेस यायचा.

"पट्टीच्या पाठीवर नंबर का नाही?" मी विचारलं. "कंपनीच्या पॅडवर ठोकलेला असतो. यावर काहीच नाही."

त्यांचं हसू जरा कमी झालं. "हेमा, दुकान मी चालवतो की तू? घरी जा. संध्याकाळी बघू."

ते संध्याकाळी घरी आले, ते पेटी घेऊनच. आत दोन नव्या डिस्क आणि पॅडचा सेट, वर नामांकित कंपनीचं नाव. पेटी त्यांनी सगळ्यांच्या देखत पाटावर ठेवली. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, शेंगा निवडत बसल्या होत्या. माझा नवरा अंकुश नुकताच दूध संघातून आला होता.

"खास हिच्यासाठी काढून ठेवलेला माल," भाऊजी म्हणाले. "एक पैसा नको. उद्या बसवून घे."

पेटीवरची छपाई फिकी होती. चकचकीत शिक्का असतो तिथे साधा कागद चिकटवला होता, आणि माल कधी बनला ते कुठेच छापलेलं नव्हतं. पहिल्या पेटीवर असंच होतं का ते मला आठवेना, कारण पहिली पेटी मी पाहिलीच नव्हती. घरचा माल होता ना.

"मी साताऱ्याहून आणते," मी म्हटलं.

त्यावर जे सुरू झालं ते विचारू नका. आत्याबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "घरचं दुकान सोडून दुसऱ्याच्या दारात जानार व्हय? उद्या गावात म्हनत्याल, विलासच्या भावजयीचाच विलासवर इस्वास न्हाई. मग बाकीच्यांनी कशापायी यावं?"

"आत्याबाई, गाडी घसरली असती तर..."

"घसरली का? न्हाई ना!"

मी अंकुशकडे पाहिलं. तो चपलेकडे बघत होता. "घे ना," तो म्हणाला. "दादा एवढं देतोय तर. उगाच ताणू नकोस."

उगाच! त्याचा मुलगा त्या गाडीत पुढच्या सीटवर बसला होता, आणि मी उगाच ताणत होते. मी पेटी उचलली, छातीशी धरली आणि म्हटलं, "बरं. उद्या गाडी मेस्त्रीकडे लावते." सगळ्यांचे चेहरे लगेच सैल पडले. भाऊजी चहा पिऊन गेले.

काही दिवस व्हॅन बंद राहिली, पोरं एसटीने गेली. मग एका संध्याकाळी नव्या डिस्क, नव्या पॅडची गाडी घेऊन मी दारात आले. आत्याबाई ओट्यावर होत्या. "बसवलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बसवलं," मी म्हटलं. "आता निर्धास्त राहा."

दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या सुरू केल्या, आणि पहिल्याच सकाळी ऋतुजा तिच्या कोपऱ्यावर नव्हती. मी थोरल्या जाऊबाईंना, कुसुमताईंना फोन केला.

"अगं, आता तिला हेच सोडत जातील," त्या म्हणाल्या. "यांचं वरती रोज कायतरी काम असतं."

विलासभाऊजींचं पाचगणीला रोज काम! ज्या माणसाने दुकानाचं शटर पोटच्या पोरीच्या बारशालाही बंद ठेवलं नव्हतं, तो आता रोज सकाळी तिला घाट चढून शाळेत सोडणार आणि दुपारी आणायला जाणार होता. मी फोन ठेवला. शार्दूल विचारत राहिला, "ऋतुताई का येत नाही? भांडण झालं का?" मी म्हटलं, "नाही रे, झालं नाही अजून."

कळायचं ते मला त्या फोनमध्येच कळलं होतं. पण कळणं आणि दाखवून देणं यात फरक असतो. चार माणसांत बोलले असते तर पुन्हा माझ्याच नावाने खडे फोडले गेले असते. भाऊजी म्हणाले असते, बापाने पोरीला सोडायचंही नाही का? म्हणून मी मूग गिळून बसले आणि दसऱ्याची वाट बघितली.

दसऱ्याला आमच्याकडे पूजा दुकानात असते. काउंटरवर लाल कापड घालून पाने, जॅक, हातोड्या मांडायच्या, झेंडूच्या माळा, घरातल्या सगळ्या गाड्या धुऊन दुकानासमोर ओळीने लावायच्या. चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फुटायचा. पूजा झाली की मुलाबाळांसकट सगळ्यांनी माझ्या व्हॅनमध्ये बसायचं आणि पाचगणीला टेबल लँडवर जाऊन भेळ खाऊन यायचं. व्हॅन घेतल्यापासून एकही दसरा चुकला नव्हता.

त्या वर्षीही आरती झाली, पेढे वाटले. मी व्हॅनचं दार सरकवलं. शार्दूल आत चढला आणि त्याच्यामागे नवा परकर सावरत ऋतुजा निघाली.

"ऋतुजा, इकडे!" भाऊजींचा आवाज आला. "आपण आपल्या गाडीतून जायचं."

"दरवर्षी व्हॅनमधून जातो की, भाऊजी," मी म्हटलं.

"यंदा नको. तिला गाडी लागते हल्ली."

"माझी लागते आणि तुमची लागत नाही?"

अंकुश हसत मध्ये पडला. "जाऊ दे गं, बसेल ती तिकडे."

"बरं, तिला राहू दे," मी म्हटलं. "भाऊजी, तुम्ही बसा माझ्या शेजारी. तुम्हीच दिलेले ब्रेक आहेत. वळणावळणाला शिकवा मला, गिअरवर घाट कसा उतरतात ते."

आजूबाजूचे दुकानदारही नारळ फोडून रस्त्यावर आले होते. एकदोघे थांबून बघायला लागले. भाऊजींनी रुमालाने मान पुसली. "दुकान सोडून कसा येऊ? गिऱ्हाईक येतं."

"दसऱ्याला?"

तेवढ्यात ऋतुजाने काय केलं, मोठी माणसं बोलत असताना पोरं करतात तेच केलं. पलीकडून वळसा घालून ती हळूच व्हॅनमध्ये चढली आणि शार्दूलशेजारी जाऊन बसली. भाऊजींचं लक्ष गेलं. ते असे धावले की पूजेचं ताट पायाखाली आलं. त्यांनी पोरीचा दंड धरला आणि तिला खसकन बाहेर ओढलं. तिच्या हातातल्या नव्या बांगड्या दारावर फुटल्या.

"सांगितलं ना, त्या गाडीत बसायचं नाही!"

ऋतुजा रडायला लागली. आत्याबाईंच्या हातात पेढा तसाच राहिला.

"कुठल्या गाडीत, भाऊजी?" मी विचारलं. "शार्दूल रोज बसतो त्या?"

त्यांनी फुटलेल्या बांगड्या पायाने बाजूला सारल्या.

"तुमची पोर तुम्ही पहिल्याच दिवशी काढून घेतलीत. चांगलं केलंत, बापाने करायलाच पाहिजे. पण माझा पोरगा तुम्ही आत राहू दिलात. गावातली पोरं राहू दिलीत. रोज सकाळी तुम्ही माझ्या व्हॅनच्या मागून घाट चढत होता. मागच्या काचेतून शार्दूल तुम्हाला हात करायचा, तुम्हीही करायचात. काय वाटायचं हो तेव्हा?"

"हेमा, तू काहीही..."

मी पुढच्या सीटखालून पेटी ओढून काढली. फिकी छपाई, चिकटवलेला कागद, वरची चिकटपट्टी जशीच्या तशी. एकदाही न उघडलेली. ती मी काउंटरवर पाने आणि हातोड्यांच्या शेजारी, झेंडूच्या माळेत नेऊन ठेवली.

"हा तुमचा घरचा माल. याचीही पूजा करा."

भाऊजी पेटीकडे बघत राहिले. मग व्हॅनच्या चाकाकडे. "मग काय बसवलंयस तिला?"

"विश्वास ठेवता येईल असं."

साताऱ्याला मी गाडीचं पुस्तक घेऊन गेले होते. दुकानदाराला म्हटलं, या नंबरच्या गाडीचंच द्या, जवळपासचं नको, आणि घाटात तापल्यावरही धरेल असं द्या. त्याने तीन कंपन्यांचे पॅड पुढे टाकले. मी एकेकाची पाठ बघितली, ठोकलेला नंबर पेटीवरच्या नंबराशी जुळवला, मसाला आणि पट्टी यांच्या सांध्यात नख घालून बघितलं. डिस्क दोन्ही हातांवर तोलल्या, उजेडात फिरवल्या, किती झिजेपर्यंत चालतात ते कडेला कोरलंय का ते बघितलं. दोन्ही चाकांच्या एकदमच घेतल्या आणि पक्की पावती मागितली. पावती मागताना मला कुणाला चोर म्हटल्यासारखं वाटलं नाही, त्यालाही वाटलं नाही. बसवल्यावर पाचवडच्या सरळ रस्त्यावर रिकामी गाडी फिरवली, हळूहळू ब्रेक दाबत, पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत. मगच पोरं आत घेतली.

यातलं त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. बोलायची वेळच आली नाही, कारण भाऊजींच्या जिवात जीव आला होता आणि आता त्यांचा आवाज चढला होता.

"म्हणजे नाटक केलंस! सणाच्या दिवशी, देवासमोर, बाजारात माझी अब्रू काढलीस!"

उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी अंकुशकडे वळले. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस भावाची गचांडी धरेल. तो पेटीकडे बघत होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आणि तो म्हणाला, "हेमा, पुरे. घरी बोलू."

आत्याबाईंनी हातातला पेढा ताटात ठेवला. "झालं ते झालं. पोराला काय झालं न्हाई ना? सणाचा दिस हाय, गप ऱ्हावा समदी."

काही झालं नाही ना! त्या घरात कठड्यापलीकडे गेल्याशिवाय काही होतच नव्हतं. माझ्या तोंडावर शिव्या आल्या होत्या, वडिलांच्या ट्रकमध्ये ऐकलेल्या सगळ्या. त्या गिळून मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले आणि गाडी चालू केली.

तेव्हा कुसुमताई पुढे आल्या. आतापर्यंत त्या पदराचं टोक धरून एका बाजूला उभ्या होत्या. त्यांनी ऋतुजाचे डोळे पुसले, तिला मागे शार्दूलजवळ बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसल्या. नवऱ्याकडे बघितलंही नाही.

"चल हेमा," त्या म्हणाल्या.

त्या सगळ्या गोतावळ्यात निदान एक माणूस माझ्या बाजूने उभं राहिलं होतं. आम्ही घाट चढलो. वर पोरांनी भेळ खाल्ली, घोड्यावर बसली, दुपारचं सगळं विसरून हुंदडली. मी कुसुमताईंना चहा आणून दिला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. एवढ्यानेही बरं वाटलं मला.

उतरताना पोरांच्या भेंड्या सुरू झाल्या. उन्हं कलली होती, खाली वाई दिसत होती. शेवटचं मोठं वळण जवळ आलं तशी कुसुमताईंनी समोरची कड घट्ट धरली.

"भिऊ नका ताई," मी म्हटलं. "आता धरतात ब्रेक."

"भीत नाही गं." त्या समोर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "मला सांगितलं होतं यांनी. पेटी तुझ्याकडे दिली त्याच रात्री. ऋतूला उद्यापासून व्हॅननं पाठवू नको म्हणाले."

मी गिअर एक खाली ओढला. "का, ते नाही विचारलंत?"

"नाही."

"का नाही विचारलंत, ताई?"

त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "विचारलं असतं तर मग तुला सांगावं लागलं असतं गं."

मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, सरळ, न थरथरता, चारीपासून हातभर अंतरावर. आरसा तुटला होता त्याच दगडापाशी. मागे पोरं एकमेकांवर आपटली आणि खिदळली.

"उतरा," मी म्हटलं.

"हेमा, अगं..."

"ऋतुजा बसेल. तिला मी घरी सोडते, रोजच सोडत आले आहे. तुम्ही उतरा."

त्यांनी दार उघडलं आणि त्या उतरल्या. हिरवी जरीची साडी, केसांत गजरा, आणि पायात नव्या चपला. वळणापासून वाई फार लांब नाही, पण चालत जायला रस्ता लांबच. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या, दसऱ्याच्या माळा घातलेल्या, त्यांच्याकडे वळून वळून बघत जात होत्या.

"काकू, आई कुठं चालली?" ऋतुजाने विचारलं.

"येते मागून. चालत."

नंतर या गोष्टीवरून घरात माझी जी निंदा झाली तिला तोड नाही. पेटीचा विषय सगळे विसरले, पण थोरल्या जावेला सणाच्या दिवशी भर घाटात उतरवलं हे आजही लग्नाकार्यात माझ्या पाठीमागे बोललं जातं. अंकुशही म्हणतो, तेवढं तरी करायला नको होतं. त्यांना वाटतं, मला कधीतरी त्याचं वाईट वाटेल. मी पुन्हा करीन.

त्या संध्याकाळी त्या उतरल्यावर मी पहिला गिअर टाकला. पोरांचं गाणं 'म' वर अडलं होतं आणि शार्दूल डोकं खाजवत होता. वळण आलं, मी पेडलवर पाय ठेवला, गाडीने ऐकलं.